जिप्सीचं दुखणं नेमकं ओळखणाऱ्या मिस्त्रीमामांना

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार. गाडी घेऊन निघताना तुमचे आभार मानले होते, पण ते घाईत. शिवाय जुन्या फोरव्हील गाड्या चालवणाऱ्या इतरांनाही तुमची पद्धत कळावी असं फार वाटतं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. तुमचा नातू वाचून दाखवेलच.

मी गुरांची डॉक्टर. राधानगरी, गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्या हे माझं कामाचं क्षेत्र. जून ते सप्टेंबर तिकडं पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. धनगरवाड्यावर म्हैस अडली की रात्रीबेरात्री निघावं लागतं, आणि लाल चिखलाच्या चढाला माझ्या जुन्या मारुती जिप्सी किंगशिवाय दुसरं काही टिकत नाही. जिप्सीचं उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबलं. त्यामुळं आहे ती गाडी नीट ठेवणं एवढाच मार्ग उरतो.

आधी फक्त ‘टक्’ असा आवाज यायचा, ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की. एका गॅरेजमध्ये मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडं ताकद नेणारा लांब दांडा, खोलून त्याच्या एका टोकाच्या सांध्यातला क्रॉस बदलला. टक् कमी झालं, पण पन्नासच्या पुढं घरघर सुरू झाली आणि साठला पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. परत नेली तर सांगितलं, क्राऊन-पिनियन (शाफ्टची फिरकी चाकांकडं वळवणारे दातेरी गिअर) गेलं, ते ज्यात बसतात तो डिफरन्शियल उघडावा लागेल. त्या खर्चाचा आकडा ऐकूनच मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्याकडं आले.

तुम्ही पाना हातात घेतला नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, “ताई, ह्या आवाजाच्या आधी गाडीला काय काय हात लागलाय?” मामा, हा प्रश्न मी रोज गोठ्यात उभं राहून विचारते: चारा बदलला का, कधीपासून रवंथ बंद आहे. म्हणूनच त्याच क्षणी तुमच्यावर विश्वास बसला. शाफ्ट खोलला होता हे ऐकून तुम्ही नुसती मान हलवलीत आणि म्हणालात, “चला, आधी एक फेरी मारू. काय उघडायचं नाय अजून.”

ती फेरी मला जशीच्या तशी आठवते. साठला गेल्यावर तुम्ही गाडी न्यूट्रल करायला लावलीत. घरघर तशीच राहिली. म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. मग त्याच वेगाला एकदा चौथा गिअर, एकदा पाचवा. आवाज बदलला नाही, म्हणजे दोष गिअरबॉक्सनंतर, चाकांकडच्या बाजूला. मग रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडं-उजवीकडं झुलवायला सांगितलीत. चाकाचं बेअरिंग गेलेलं असेल तर वजन त्या बाजूला पडलं की आवाज वाढतो, दुसऱ्या बाजूला पडलं की दबतो. इथं काहीच फरक नव्हता. डांबरावरून काँक्रीटवर गेलो तरी सूर तोच, म्हणून टायरही सुटले. आणि टायरची थरथर संथ असते, हेही तुम्हीच सांगितलंत. चाकाचा एक फेरा होतो तेवढ्यात शाफ्टचे जवळजवळ चार होतात, त्यामुळं शाफ्टचा थरकाप बारीक आणि भरभर येतो. पत्र्यावर तळपाय टेकवून तुम्ही तो मला ओळखायला लावलात.

क्राऊन-पिनियनचं तुम्ही तिथंच निकालात काढलंत. क्राऊन बोलायला लागला की पाय दाबल्यावर त्याचा सूर एक असतो आणि सोडल्यावर दुसरा, कारण दात एकदा या अंगानं भार घेतात, एकदा त्या. आपल्या गाडीचा आवाज भाराशी नाही, फक्त वेगाशी बांधलेला होता. तरीही गॅरेजवर आल्यावर तुम्ही मागच्या डिफरन्शियलच्या हौसिंगचं ऑईल थोडं काढून दोन बोटांत चोळलंत आणि उन्हात धरलंत. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप होता, तो झिजेचा, चालतो. चकाकणारी कपची एकही नव्हती.

त्यानंतर जे केलंत ते मी कुणालाही सांगताना थकत नाही. मागचा शाफ्ट दोन्ही फ्लँजवरून सोडवून बाजूला ठेवलात, पुढचे हब लॉक करून पुढची चाकं ॲक्सलला जोडलीत आणि फोरव्हील टाकून गाडी फक्त पुढच्या चाकांवर पळवलीत. डांबरावर फोरव्हील लावू नये एवढं मला माहीत होतं. तुम्ही समजावलंत की जिप्सीत पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल नाही, दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरता येत नाही, म्हणून कोरड्या रस्त्यावर शाफ्टना पीळ बसतो. पण मागची चाकं आता जोडलेलीच नाहीत, मग पीळ येणार कुठून? गाडी साठला गेली. घरघर गायब. आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, “मागचा डिफरन्शियल अजून चाकांबरोबर फिरतोयच. बेअरिंग गेलं असतं तर थोडं तरी बोललं असतं.” एवढा विचार करून, एकही महागडा भाग न उघडता दोष एका शाफ्टवर आणून ठेवणं, ही विद्या आहे मामा.

मग जमिनीवर खडूनं रेघ ओढून तुम्ही शाफ्ट तिच्यावर ठेवलात. दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे कान एका रेषेत हवेत, ते तिरके बसले होते. मधला स्प्लाइनचा (दातेरी, आतबाहेर सरकणारा) सांधा खोलून परत घालताना चुकीच्या दातावर चढवलेला. क्रॉसचा सांधा कोनात फिरला की वेग एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो, आणि दुसऱ्या टोकाचा सांधा तो चढउतार उलट्या बाजूनं फेडतो, पण कान जुळलेले असतील तरच. नाहीतर फेडण्याऐवजी भर पडते. खोलण्याआधी दोन खुणा केल्या असत्या तर हे टळलं असतं.

मूळचं ‘टक्’ही तुम्ही सोडलं नाहीत. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणारी पेटी, तिच्याखाली टॉमी (लोखंडी दांडा) लावून उचललीत तर केस चांगली बोटभर वर आली. केस धरून ठेवणाऱ्या एका माउंटचं रबर धातूपासून सुटलेलं. केस एका बाजूला झुकली की तिच्याशी जोडलेल्या सगळ्या शाफ्टचे कोन बिघडतात, हे बघितल्यावर माझ्या लक्षात आलं. आणि ट्रान्सफरकडचा जुना क्रॉस, जो त्या गॅरेजनं बदललाच नव्हता, तो काढल्यावर टोपीतून बेअरिंगच्या सुयांऐवजी गंजाची लाल भुकटी सांडली. दांड्यावर सुयांचे चर पडलेले, नखाला लागत होते. तो तुकडा तुम्ही माझ्या हातावर ठेवलात आणि नख फिरवून बघायला सांगितलंत. गिऱ्हाइकाला दोष हातात देऊन दाखवणारा मिस्त्री मी पहिल्यांदाच पाहिला.

एक क्रॉस, एक रबर माउंट, ग्रीस आणि तुमची मजुरी. एवढ्यात गाडी शांत झाली. क्राऊन-पिनियनचा नवा जोड टाकला असता तरी घरघर तशीच राहिली असती, हे लक्षात आलं की अजूनही अंगावर काटा येतो. माझ्यासारखे कितीतरी लोक पैसे भरून तोच आवाज घरी घेऊन जात असतील.

तुम्ही सांगितलंत तसं ओढ्यातून गाडी गेली की शाफ्टच्या निपलांना (ग्रीस भरायच्या तोंडांना) ग्रीस मारून घेते, जुनं पाणी-मिश्रित ग्रीस टोपीच्या कडेनं बाहेर येईपर्यंत. डिफरन्शियलचं ऑईल पावसाळा संपताच बघते. दुधाळ दिसलं तर लगेच बदलायचं, हेही पक्कं ध्यानात आहे.

गावाकडं तुमच्या म्हशी आहेत म्हणालात. लाळ-खुरकतची लस टोचायला मी स्वतः येणार आहे. दिवस तेवढा कळवा, आणि तिथं फीचा विषय काढायचा नाही.

तुमची ऋणी,
राधानगरीची गुरांची डॉक्टर