काका, त्या ‘इतर खर्चा’बद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमचं नाव आणि गरजू विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या तुमच्या ट्रस्टचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही, ही तुमची अट पाळतो आहे. पत्र मात्र उघड लिहितोय. परदेशी शिकायला निघालेली मुलं फक्त फीचा विचार करतात आणि त्यांना मदत करू पाहणारेही. फी माफ झाली की गावात पेढे वाटले जातात. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते, हे तुम्ही 2022 च्या उन्हाळ्यात मला कागदावर मांडून दाखवलंत.

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठानं माझी ट्यूशन फी पूर्ण माफ केली होती. उरला होता राहण्या-खाण्याचा खर्च. व्हिसाच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे लंडनबाहेर राहणाऱ्यानं महिन्याला 1,023 पाउंड, असे नऊ महिन्यांचे 9,207 पाउंड हाताशी आहेत हे दाखवायचं. म्हणजे पावणेनऊ लाखांच्या आसपास. मला शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळत होतं, जामीनदार मात्र लागणार होता. आमच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी जामीन राहिले. पण परदेशातल्या शिक्षणासाठी 15 टक्के रक्कम विद्यार्थ्यानं स्वतःच्या खिशातून घालायची असते. मार्जिन मनी. तेच सव्वा लाखाच्या पुढे गेलं. शिवाय व्हिसाचे 363 पाउंड, आरोग्य अधिभार वर्षाला 470 पाउंड आणि तोही सगळा आगाऊ, क्षयरोगाची तपासणी, विमानाचं तिकीट.

ट्रस्टकडे केलेल्या अर्जातल्या शेवटच्या ओळीत मी ‘इतर खर्च : 5,000’ असं लिहिलं होतं. मुलाखतीत तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, “वर्षभर केस कापणार नाहीस का रे?”

मग कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून तुम्ही लिहायला घेतलंत. खोलीचं डिपॉझिट. गादी-पांघरूण. थंडीचा कोट. बूट, आणि त्यापुढे कंसात ‘इथून नेऊ नये, तिथल्या पावसात टिकत नाहीत’. चष्म्याची दुसरी जोडी, ती मात्र इथूनच. कुकर. पहिल्या महिन्याचा किराणा, कारण कर्जाचा हप्ता वेळेवर पडेलच असं नाही. अख्खी नोकरी बँकेत काढलेल्या माणसानं हे शेवटचं वाक्य लिहिताना जरा हसून घेतलं होतं.

माझ्या आधी त्याच टेबलाशी नर्सिंगची एक मुलगी बसली होती. तिला मेसचे पैसे हवे होते, बाकी काही नाही. तिलाही तुम्ही तितकाच वेळ दिलात. परदेशी जाणारा मोठा आणि पुण्यात डबा लावणारी लहान, असा भेद त्या खोलीत नव्हता. मी बाहेर बाकावर बसून हे ऐकत होतो आणि निम्मी भीती तिथंच गेली.

त्यानंतरची गृहभेट. बीड जिल्ह्यातल्या धारूरपर्यंत एसटी, पुढे गुरुजींच्या मोटारसायकलवर मागे बसून तुम्ही आमच्या घरी आलात. उन्हाळा होता म्हणून आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, घरी होते. दिवाळीच्या आगेमागे ते ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाशीच परतायचे. मी आणि माझी बहीण शाळेच्या हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर आणि आजीच्या धाकात वाढलो. तुम्ही उत्पन्नाचा दाखला पाहिलात, पत्र्याचं घर पाहिलंत, आणि आजीनं चहा पुढं करता करता सांगून टाकलं, “पोराच्या इमानाच्या तिकिटापायी लाखाची उचल घ्यायलाय ह्यो.”

उचल म्हणजे ऊसतोडीच्या मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे. दादांनी टोळी नेणाऱ्या मुकादमाशी तसं बोलणं केलं होतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

तुम्ही दादांना तोडणीचा दर विचारलात. टनाला 273 रुपये. ते पान अजून तुमच्या पिशवीत होतं, त्याच्या कोपऱ्यात तुम्ही भागाकार केलात. एक लाख म्हणजे साडेतीनशे टनांच्या वर ऊस. एका कोयत्याचे, म्हणजे नवरा-बायको दोघांचे, दिवसाला दोन टन धरले तरी सहा महिने. अख्खा हंगाम जाऊन वर काही दिवस, आणि त्यात घरी आणायला एक रुपयाही नाही. दादा म्हणाले, “आमाला हिशेब कळत न्हाई असं न्हाई साहेब. पर दुसरं देतंय कोण?”

तुम्ही म्हणालात, “मुकादमाला नको म्हणून सांगा. मी समितीत बोलतो.”

तीन लाखांच्या जवळपास अनुदान मंजूर झालं. कर्ज नाही, अनुदान. ना हॉल, ना हार, ना पुठ्ठ्याचा दारभर मोठा चेक धरून फोटो. तसले वाटप-समारंभ मी बारावीत पाहिले आहेत. शंभर मुलांना प्रत्येकी एक दप्तर आणि पाहुण्यांची तासभर भाषणं. दप्तर कामाला येतं, नाही असं नाही. पण ज्या मुलीचं कॉलेज तीन हजारांच्या बसपासवर अडलंय तिला तिसरं दप्तर घेऊन करायचं काय? कुणाचं नेमकं कुठं अडलंय हे शोधायला गृहभेट लागते, आणि गृहभेटीला फोटो काढण्यासारखं काही नसतं.

मुलाखतीत तुम्ही बाबासाहेबांचं सांगितलेलं अजून डोक्यात आहे. सयाजीरावांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पाउंड. तिच्यावर ते 1913 मध्ये कोलंबियाला गेले, पुढे लंडनला. 1917 मध्ये मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुन्हा जाता आलं ते 1920 मध्ये. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज, असं गोळा करून. “एवढ्या माणसाचं शिक्षण पैशानं मधेच थांबवलं,” तुम्ही म्हणालात, “तू तर ‘इतर खर्च’ पाच हजार लिहितोस.”

दर तीन महिन्यांनी हिशेबाचं पत्र मागायचात. सुरुवातीला जाच वाटला, खरं सांगतो. नंतर बटाट्यांचा भाव, खोलीतल्या हीटरचं मीटर, वीकएंडच्या गोदामातल्या कामाचे पैसे, सगळं लिहायला लागलो. गुण किती पडले हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. डिसेंबरच्या पत्राला उत्तर आलं होतं : “किराण्यात भाजी दिसत नाही. कोबी तरी खा.”

आता मी संभाजीनगरला गावांच्या पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. कर्जाचे हप्ते सुरू आहेत. या वर्षीपासून ट्रस्टला थोडे पैसे पाठवतोय, ते मेसच्या खात्यात टाकावेत. नर्सिंगवाल्या मुलींना आधी. देणगीवरच्या करसवलतीची पावती मात्र पाठवा, नाहीतर तुम्हीच उद्या विचाराल.

आणि घरचं. त्या वर्षी उचल घेतली नाही म्हणून आई हंगामाला गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही. दोन शेळ्यांच्या आता सहा झाल्यात. दादांनी वाट्यानं रान केलंय, यंदा ज्वारी बरी आहे. आई विचारतेय, हुरड्याला कधी येताय? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात या. सकाळची एसटी धरलीत तर दुपारी धारूरला पोचाल, स्टँडवर मी गाडी घेऊन थांबतो. काकूंनाही आणा. गुरुजींना सांगून ठेवलंय.

आपला,
धारूर तालुक्यातला विद्यार्थी