लांबारेनेचे नियम

महोदय,

आफ्रिकेत रुग्णसेवेसाठी गेलेले युरोपीय डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या त्यागाविषयी भरभरून लिहिले जाते. त्यांची रोजची व्यवस्था मात्र राहून जाते. १९१३ साली गॅबनमधील लांबारेने येथे त्यांनी कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याचा दवाखाना केला. रोज सकाळी दुभाषा रुग्णांना नियम सांगे : दवाखान्याजवळ थुंकू नये, दिवसभराचे खाणे सोबत आणावे, औषधाच्या बाटल्या आणि डबे परत करावेत. यातला शेवटचा नियम फार मोलाचा. तिथल्या दमट हवेत कागदी पुडीतले औषध टिकत नसे आणि बाटल्या युरोपातून याव्या लागत. रुग्णाच्या गळ्यात क्रमांकाची चकती असे. त्याच क्रमांकापुढे नोंदवहीत आजार व औषधे लिहिलेली. तपासणी अंधाराआधीच थांबे, कारण दिव्याच्या उजेडात डास येत आणि हिवताप गाठी.

– एक वाचक, सातारा