पियानो सुरू झाला की उठू नकोस

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझा न्यूयॉर्कचा फोटो पाहिला. तू सँडविच खातोयस आणि मागे ती विटकरी इमारत. गाढवा, ते कार्नेगी हॉल आहे, संगीताच्या मैफलींचं नामांकित सभागृह, आणि तू त्याच्याकडे पाठ करून उभा आहेस!

16 जानेवारी 1938, रविवारची रात्र. त्या हॉलमध्ये बेनी गुडमनचा जॅझ बँड वाजला. एरवी नाचगाण्याच्या ठिकाणी वाजवणारी ही मंडळी. क्लॅरिनेट गुडमनची, ड्रमवर जीन क्रूपा, ट्रम्पेटवाल्यांत हॅरी जेम्स. टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्प्टन हे कृष्णवर्णीय वादक गुडमनच्या चौकडीत त्याच मंचावर बसले, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. काउंट बेसी, लेस्टर यंगही पाहुणे म्हणून आले होते.

पण मला सांगायचंय गुडमनच्या बँडमधल्या पियानोवाल्या जेस स्टेसीबद्दल. मिसूरीचा, मिसिसिपीवरच्या बोटींवर पियानो वाजवून तयार झालेला. मोठ्या बँडमध्ये पियानोवाल्याने मागे राहून ताल धरायचा, असाच रिवाज. त्यात मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं. ‘सिंग, सिंग, सिंग’ हे गाणं या बँडने 1937 साली स्टुडिओत केलं तेव्हा तबकडीच्या दोन्ही बाजू लागल्या, तरी स्टेसीच्या वाट्याला काही आलं नाही. त्या रात्री कार्नेगीत तेच वाजवताना मात्र मिनिटं मोजायला कोणी नव्हतं. क्रूपाचे ड्रम घुमतायत, एकेकाचं वाजवून झालंय, आणि शेवटाकडे गुडमनने अचानक स्टेसीला वाट करून दिली. आधी ठरलेलं नव्हतं. एवढ्या दणदणाटानंतर हा माणूस हळू वाजवू लागला! एकाच सुरावटीत रेंगाळत, मैफल संपत आल्यावर एखाद्या गवयाने डोळे मिटून आलापी धरावी तसा. क्रूपाने खाली ताल धरून ठेवला. दोन मिनिटं, बस्स.

हे आज ऐकता येतं तेही नशिबाने. मंचावर एक मायक्रोफोन टांगलेला होता आणि त्याचा आवाज तारेने स्टुडिओत नेऊन तबकड्यांवर कोरला जात होता. त्या तबकड्या कपाटात पडून राहिल्या. 1950 साली सापडल्या आणि त्याच वर्षी लाँग प्ले निघाली.

एक कबुली देतो. मी कॉलेजात मित्राकडून याची कॅसेट उतरवून घेतली होती आणि कित्येक वर्षं फक्त ड्रमसाठी ऐकली. पियानो लागला की मी पाणी प्यायला उठायचो. तुझ्या आजोबांनी एकदा दटावून बसवलं, तेव्हा कळलं काय हुकत होतं. त्यांना जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे विशेष.

त्या रात्रीचं ‘सिंग, सिंग, सिंग’ बारा मिनिटांचं आहे, ऐकताना पुढे ढकलू नकोस. आणि पुढच्या वेळी फोटो काढशील तेव्हा तोंड दाराकडे कर.

तुझा,
बाबा