नसलेली मेथड आणि अर्धवट नमुना

महोदय,

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतील डायनॅमिक (बरेच निर्णय प्रोग्राम चालू असताना घेणाऱ्या) प्रोग्रामिंग भाषांवरच्या लेखात रूबीचे ‘मेथड_मिसिंग’, पायथॉनचे ‘__गेटॲट्रिब्यूट__’ आणि जावास्क्रिप्टचा ‘प्रॉक्सी’ हे एकाच माळेचे मणी ठरवले आहेत. तसे ते नाहीत. ऑब्जेक्टकडे (डेटा आणि त्यावरची कामे एकत्र बांधलेल्या घटकाकडे) एखादी मेथड (नावाने बोलवायचे काम) किंवा माहिती मागितली की तिन्ही कामाला येतात; पण पहिले नेहमीचा शोध फसल्यावरच जागे होते, तर बाकीची दोन प्रत्येक वेळी मध्ये पडतात, हवे ते जागेवर असले तरी.

रूबी आधी ऑब्जेक्टच्या क्लासमध्ये (ज्या आराखड्यावरून तो बनला त्यात), मग त्यात जोडलेल्या मॉड्यूल्समध्ये, मग वरच्या क्लासेसमध्ये थेट ‘बेसिकऑब्जेक्ट’पर्यंत मेथड शोधते. कुठेच नाही मिळाली तर मेथडचे नाव, आर्ग्युमेंट्स (सोबत दिलेल्या किमती) आणि ब्लॉक (सोबत दिलेला कोडचा तुकडा) घेऊन ‘मेथड_मिसिंग’ला बोलावते. ही कल्पना स्मॉलटॉक या भाषेतल्या ‘डझनॉटअंडरस्टँड’ची. पायथॉनमध्ये तिच्या जवळ जाणारे आहे ते ‘__गेटॲटर__’. पण त्याला फक्त नाव कळते; पुढे कंस लावून त्याला कॉल केले जाणार आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. प्रॉक्सीच्या ‘गेट’ ट्रॅपचेही (काही वाचताना मध्ये पडणाऱ्या फंक्शनचेही) तेच. नसलेल्या मेथडसाठीच खास असा हुक (मध्ये पडण्याची सोय) फायरफॉक्समध्ये होता, तो 44 व्या आवृत्तीत काढून टाकला.

आता लेखात छापलेल्या रूबी कोडच्या नमुन्याविषयी. त्यातले ‘मेथड_मिसिंग’ कोणत्याही नावाला उत्तर देते, ‘सुपर’ (वरच्या क्लासकडे काम सोपवणे) कुठेच नाही. म्हणजे ‘नेम’ऐवजी ‘नमे’ टाइप झाले तरी एरर नाही, मिळते ते ‘निल’ (काहीच नाही), आणि प्रोग्राम कोसळतो तो भलत्याच फाइलमध्ये. नाव आपल्या साच्यात बसते का हे आधी तपासावे, नसेल तर ‘सुपर’कडे सोडून द्यावे. त्या तपासणीच्या ओळीतच व्हेरिएबलचे स्पेलिंग चुकले, तर रूबी त्यालाही मेथड समजते, पुन्हा तिथेच येते आणि ‘स्टॅक लेव्हल टू डीप’ म्हणून थांबते.

सोबत ‘रिस्पॉन्ड_टू_मिसिंग?’ (या नावाला आपण उत्तर देतो का, हे सांगणारी मेथड) लिहिणे ऐच्छिक असल्यासारखे लेखात म्हटले आहे. रूबी 1.9.2 पासून ती सोय आहे आणि न लिहिण्याची किंमत विचित्र ठिकाणी मोजावी लागते. ‘पुट्स’ने ऑब्जेक्ट छापायला घेतला किंवा ॲरेवर (यादीवर) ‘फ्लॅटन’ चालवले की रूबी आतून ‘टू_एरी’ (ॲरेत रूपांतर) मागते. ‘रिस्पॉन्ड_टू_मिसिंग?’ लिहिलेले नसेल तर ही मागणी थेट ‘मेथड_मिसिंग’वर येते. त्याने स्ट्रिंग (मजकूर) परत दिली की ‘टाइपएरर’. बिचाऱ्या ‘पुट्स’च्या ओळीवर संशय घेत तासन्‌तास जातात. आणखी एक: रूबी 3.0 पासून कीवर्ड (नाव लावून दिलेली) आर्ग्युमेंट्स वेगळी मानली जातात. एका तारांकनाने गोळा केलेली आर्ग्युमेंट्सच पुढे पाठवली, तर कीवर्ड्स साधा हॅश (नाव-किंमत जोड्यांचा संच) बनून पोचतात. दोन तारांकनांचा पॅरामीटरही घ्यावा आणि तोही पुढे द्यावा.

पायथॉनमध्ये घोटाळे निराळे. रॅपर (दुसऱ्या ऑब्जेक्टला गुंडाळणाऱ्या) क्लासमध्ये ‘__इनिट__’ ही सुरुवातीची मेथड आतला ऑब्जेक्ट ‘_टार्गेट’मध्ये भरते आणि ‘__गेटॲटर__’ सगळे त्याच्याकडे वळवते, हा नेहमीचा घाट. ‘कॉपी’ (नक्कल करणारे) किंवा ‘पिकल’ (साठवून परत उभे करणारे) मात्र ‘__इनिट__’ न चालवता नवा ऑब्जेक्ट बनवून त्याला ‘__सेटस्टेट__’ (जुनी स्थिती भरणारी मेथड) विचारतात. त्या क्षणी ‘_टार्गेट’ नाही, म्हणून त्याच्यासाठी पुन्हा ‘__गेटॲटर__’, हे चक्र संपतच नाही, की लगेच ‘रिकर्शनएरर’. अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या नावांना पहिल्याच ओळीत ‘ॲट्रिब्यूटएरर’ (असे नाव नाही) दिला की हे मिटते.

दुसरा याहून छुपा. ‘टोटल’ या प्रॉपर्टीत (साध्या माहितीसारखी वाचली जाणाऱ्या मेथडमध्ये) ‘सेल्फ.रेट’ऐवजी ‘सेल्फ.रात’ लिहिले गेले, तर आतला ‘ॲट्रिब्यूटएरर’ पायथॉनला प्रॉपर्टीच नसल्यासारखा वाटतो, मग ‘__गेटॲटर__’ला ‘टोटल’साठी बोलावले जाते आणि स्क्रीनवर येते: ‘टोटल’ नाही. ती तर समोर लिहिलेली दिसते! शिवाय लांबी सांगणाऱ्या ‘लेन’सारखी फंक्शन्स ‘__लेन__’ थेट क्लासवर शोधतात. ‘__गेटॲटर__’ काय किंवा ‘__गेटॲट्रिब्यूट__’ काय, दोन्हींना त्याची गंधवार्ता नसते. रॅपरमध्ये ‘__लेन__’ हातानेच लिहावे लागते.

जावास्क्रिप्टबद्दल एवढेच: कोणत्याही नावाला फंक्शन देणाऱ्या प्रॉक्सीवर ‘अवेट’ (उत्तर येईपर्यंत थांब) लावू नये. इंजिन ‘देन’ मागते, फंक्शन मिळाले की प्रॉक्सीला प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या उत्तराची हमी) समजून ते कॉल करते आणि उत्तराची वाट पाहत बसते. एरर नाही, लॉग नाही. ‘देन’ला ‘अनडिफाइन्ड’ द्यावे.

नावे आधीच माहीत असतील तर ‘डिफाइन_मेथड’ने खऱ्या मेथड बनवणे केव्हाही बरे. रेल्स या रूबीतल्या वेब फ्रेमवर्कचे ‘फाइंड_बाय_ईमेल’ पहिल्यांदा ‘मेथड_मिसिंग’मध्ये येते खरे, पण तिथेच क्लासवर तशी मेथड तयार केली जाते आणि पुढचे कॉल सरळ तिच्याकडे जातात. लेखकाने हे उदाहरण ‘जादू’ म्हणून दिले, त्यातला हा उत्तरार्ध मात्र गाळला.

पुरवणीतला कोड विद्यार्थी जसाच्या तसा प्रोजेक्टमध्ये उतरवतात. तेव्हा पुढच्या अंकात तो नमुना ‘सुपर’ आणि ‘रिस्पॉन्ड_टू_मिसिंग?’सह पुन्हा छापावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे