डबल स्टँड लावू द्या ना भाऊ

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय तसा लहान आहे, गाडीच्या डबल स्टँडचा, पण मागच्या नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) एका दुपारी माझा क्लच लिव्हर, डावा इंडिकेटर आणि डोकं अशा तीन गोष्टी सोबतच गेल्या म्हणून लिहून राहिलो, जागा असली तर छापा.

माझ्याकडे २००३ ची स्प्लेंडर आहे, एमएच-३१ पासिंग. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत ग्रीन टॅक्स भरून पुन्हा पासिंग करून घेतलेली, आणि अजून रोज मानेवाड्याहून बर्डीला जाते-येते, कुरकुर नाही. त्या दिवशी एका पैसेवाल्या पार्किंगमध्ये सवयीने गाडी डबल स्टँडवर (मधल्या दोन पायांच्या स्टँडवर) लावली तर तिथला पोट्टा धावतच आला. "काका साइडवर लावा, साइडवर, मले सरकवा लागते." मी म्हटलं, बाप्पा तू सरकवतोच काहून, डबल स्टँडची गाडी सरळ उभी राहते, जागा कमीच खाते. तो म्हणे मधली गाडी काढायची असली का मले एकट्याले ओढता येत नाही. आता त्याचंही एका अर्थी बरोबर आहे, आणि मागे दोन जण हॉर्न वाजवून राहिले होते, म्हणून केला साइड स्टँड अन गेलो कामाला.

दीड तासाने येऊन पाहतो तर गाडी डाव्या अंगावर आडवी, खाली कोणाची तरी मोपेड दबलेली, टाकीच्या झाकणातून पेट्रोल टपकून राहिलं आणि लोक लांबून पाहून राहिले. नागपूरचे बरेच रोड सिमेंटचे झाले पण या पार्किंगमध्ये जुनंच डांबर होतं, आणि ४५ डिग्रीत दुपारी दोन वाजता डांबर म्हणजे गुळाचा पाकच. साइड स्टँडचं टोक चांगलं दोन बोटं आत रुतलं होतं. झुकलेल्या गाडीचा भार त्या एवढ्याशा पत्तीवर येतो, पत्ती जशी रुतत जाते तशी गाडी अजून झुकते, आणि जशी झुकते तसा भार अजून वाढतो. डबल स्टँडला दोन पाय असतात, वजन दोन्हीकडे सारखं वाटलं जातं. मोपेडवाल्या ताईंना आरशाचे पैसे मी दिले, पार्किंगवाला म्हणे आपली जबाबदारी नाही, पावतीवर लिहिलेलं आहे.

गाडी मिस्त्रीकडे नेली. माझा मिस्त्री कमी बोलतो. त्याने साइड स्टँड हातात धरून नुसता हलवून दाखवला, बोल्टचं भोक अंड्यासारखं लांबट झालेलं, म्हणजे डांबराचा अर्धा दोष आणि माझा अर्धा. कारण वीस वर्षं मी गाडी साइड स्टँडवर ठेवून, वरून पाय टाकून किक मारत आलो, आणि घरचे पोट्टे टपरीवर साइड स्टँडवर उभ्या गाडीवर दोघं-दोघं बसून तर्री पोहे खात आले. तो स्टँड रिकाम्या गाडीसाठी बनवलेला आहे, वर दीडशे किलोची माणसं बसवून गप्पा मारायसाठी नाही. बोल्ट घासतो, भोक मोठं होतं, फ्रेमची पत्ती वाकते, गाडी दरवर्षी थोडी थोडी जास्त झुकत जाते आणि आपल्याला रोज पाहून ते दिसतच नाही.

पण माझं खरं म्हणणं पडण्याबद्दल नाहीच. जुनी गाडी ज्याला सांभाळायची आहे त्याच्यासाठी डबल स्टँड म्हणजे घरचं गॅरेज आहे, आणि हे लोक विसरून राहिले. ऑइलचंच घ्या. स्प्लेंडरची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, उजव्या बाजूला आहे. गाडी साइड स्टँडवर असली का डावीकडे झुकते, आतलं ऑइलही डावीकडे जातं आणि डिपस्टिक कोरडी निघते. एकदा एका दुसऱ्या गॅरेजमध्ये नव्या पोराने अशीच कोरडी डिपस्टिक पाहून माझ्या गाडीत वरून अंदाजे पावशेर ऑइल ओतलं, चार दिवसांनी एअर फिल्टर तेलाने माखलेला, पिकअप गेलेला, आणि मी प्लग बदल, कार्बोरेटर साफ कर असे फालतू खर्च करत बसलो. गाडी डबल स्टँडवर, जमीन सपाट, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पुसून आटे न फिरवता नुसती टेकवायची, बाहेर काढून दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे का पाहायचं. एवढंच आहे ते.

चेनचंही तसंच. मागचं चाक हवेत असलं तरच चेन पूर्ण फिरवून पाहता येते, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ढिली नसते, एका जागी टाइट आणि एका जागी लोंबलेली असते. लोंबलेल्या जागेवर मोजून ताणाल तर टाइट जागी ती जास्तच ताणली जाईल, म्हणून टाइट जागा शोधून तिथेच मोजायचं. माझ्या गाडीच्या चेनकव्हरला रबराचं बूच आहे, ते काढून बोटाने वर-खाली करून पाहायचं, साधारण दोन ते तीन सेंटीमीटर खेळ पाहिजे. मग नव्वद नंबरचं (गियरचं घट्ट) ऑइल थेंब थेंब, चाक हाताने फिरवत. हाताने म्हणजे हाताने हो, इंजिन चालू ठेवून गियर टाकून चेनला फडकं लावायचं नाही. मी बोट गमावलेला माणूस पाहिलेला आहे.

आणि चाक वर आहे तोवर दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खटखट वाटली तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश गेले किंवा चाकाची बेअरिंग गेली. चाक जोरात फिरवून सोडा, घासत लवकर थांबलं तर ब्रेक चिकटून राहिला, ॲव्हरेज कुठे जाऊन राहिला तेही कळलं. मागे कोणाला तरी बसवून पुढचं चाक उचललं का हँडल डावीकडून उजवीकडे फिरवून पाहा, मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळातली बेअरिंग, गेली. रविवारी सकाळी चहा पिता पिता होते हे, वीस मिनिटं, पानासुद्धा लागत नाही.

लोक म्हणतात डबल स्टँड लावताना कंबर जाते. जाते, कारण गाडी हाताने उचलून राहिले. उजव्या हाताने मागचं कॅरियर किंवा पकड धरायची, डाव्याने हँडल सरळ, उजव्या पायाने स्टँड दाबून आधी त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे (टक असं दोनदा जाणवतं), आणि मग पूर्ण वजन त्या पायावर टाकायचं. गाडी स्वतःच वर चढते. माझी बायको बावन्न किलोची आहे, ती लावते.

मात्र डबल स्टँडलाही देखभाल लागते हे कोणी सांगत नाही. त्याच्या दांड्यात ग्रीस नसलं का जाम होतो, स्प्रिंग ढिली झाली का ब्रेकरवर खाली लोंबून आपटतो, आणि वीस वर्षांत पाय घासून घासून इतके झिजतात का मागचं चाक उचलल्याच जात नाही, स्टँड लागलेला असतो पण चाक टेकलेलं. तेव्हा नवीन घ्या नाहीतर वेल्डिंगवाल्याकडून पायाला पत्ती मारून घ्या. मी पत्ती मारून घेतली.

साइड स्टँड वाईट नाही. दोन मिनिटं दूध घ्यायला थांबलो तर मीही तोच लावतो. चढावर गाडीचं तोंड चढाकडे करून, पहिला गियर टाकून साइड स्टँडच बरा. पावसाळ्यात काळ्या मातीत तर दोन्ही बेकार, तिथे विटेचा तुकडा किंवा फरशी शोधायची. आणि साइड स्टँड खालीच ठेवून निघालेल्या माणसाला सिग्नलवर अनोळखी लोक "ओ भाऊ, स्टँड!" म्हणून ओरडतात ते तर आपल्या शहराचं वैभवच आहे. नव्या गाड्यांत आता स्टँड खाली असला का इंजिनच बंद पडते, म्हणजे ती आरोळीही काही वर्षांत बंद होणार.

माझ्या मुलाने घेतलेल्या गाडीला डबल स्टँडच नाही. दिसायला भारी, खाली सायलेन्सर असा काही बसवला आहे का स्टँडला जागाच उरली नाही. पंक्चर झाली, ट्यूबलेस आहे म्हणून तिथल्या तिथे दुरुस्त झाली ते ठीक, पण चेन साफ करायला त्याला वेगळा लोखंडी स्टँड विकत आणावा लागला आणि तो माझ्या बाल्कनीत कुलरच्या बाजूला पडून आहे.

तर पार्किंगचे ठेके देणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, डांबराच्या जागेत भिंतीकडची एक ओळ जुन्या गाड्यांसाठी सोडा, तिथे डबल स्टँड लावू द्या, तिथून काही ओढायची गरजच पडत नाही. आणि तसं जमत नसलं तर उन्हाळ्यापुरते निदान टिनाचे तुकडे द्या स्टँडखाली टाकायला. तोवर मी डिक्कीत, म्हणजे साइड कव्हरच्या आत, चपटी केलेली एक जुनी वाटी घेऊन फिरून राहिलो. पार्किंगवाल्या पोट्ट्याला दाखवली तर म्हणे, "काका, मलेही दोन-चार आणून द्या ना."

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर