तो फितूर पंच मीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पंच ऐनवेळी फितूर होतात म्हणून जप्तीचा पुरावा कोर्टात टिकत नाही,’ असं कालच्या लेखात वाचलं. पंच म्हणजे झडती-जप्तीच्या वेळी पोलिस साक्षीला घेतात तो साधा नागरिक. लेखकमहाशय स्वतः कधी पंच झालेत का?

मी झालोय. २०११ साली सकाळी दूध घेऊन परतताना हवालदारांनी हाक मारली, ‘काका, दोन मिनिटं, फक्त एक सही.’ आढेवेढे घेतले तर म्हणाले, नकार दिलात तर गुन्हा दाखल होईल. (होतो, पण लेखी आदेश देऊनही सबळ कारणाशिवाय नाकारलं तर. हे ज्ञान मला नंतर झालं.) ठाण्यात टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल आणि शेजारी पंचनामा लिहून तयार! ‘आम्हा पंचांसमक्ष घरझडती घेतली असता लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात...’ कुठलं घर नि कुणाचं कपाट! सही केली. चूक माझी, मान्य.

सहा वर्षांनी समन्स आलं. सरकारी वकिलांनी कपाटाबद्दल विचारलं. म्हटलं, साहेब, मी ते पाहिलेलंच नाही. झालं, फितूर! खोट्या पंचनाम्यावर सही केली तोवर मी ‘प्रतिष्ठित नागरिक’ होतो, शपथेवर खरं बोललो आणि फितूर झालो.

वॉरंटशिवाय झडतीचा अधिकार पोलिसांना वाढवून द्या, असा लेखाचा सूर आहे. अहो, तो आहेच की. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १६५ नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १८५ झालं, एवढंच. कारणं आधी लिहून ठेवायची आणि त्याची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची, ही अट लेखात का नाही? १ जुलै २०२४ पासून याच नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती, यादी, पंचांच्या सह्या, सगळ्याचं चित्रीकरण करायचं आहे. ते घराच्या दारापासून करा, ठाण्यातल्या टेबलापासून नको. अर्थात झडती बेकायदा असली तरी तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात १९७३ सालीच सांगून ठेवलंय. मग हवालदारसाहेबांनी त्या घरापर्यंत पायपीट तरी कशाला करावी?

जाता जाता. माझ्या मागच्या पत्रातल्या ‘अदखलपात्र’चा ‘अ’ तुम्ही खाल्लात आणि दोन दिवस मला फोन येत होते. या वेळी कलमांचे आकडे तेवढे नीट छापा.

आपला,
एक फितूर पंच