तेल लावलं की टॉर्क तोच नको

संपादक साहेब, नमस्कार.

१ ऑगस्टला मासेमारी सुरू व्हायच्या आधी रत्नागिरीत बोटींची इंजिनं उघडतात, म्हणून आत्ताच लिहितोय. पाना फिरवायच्या जोरातला, म्हणजे टॉर्कमधला, साधारण १० टक्केच बोल्ट ताणायला लागतो, बाकी डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जातो. म्हणजे खाऱ्या हवेने गंजलेल्या बोल्टवर टॉर्क रेंच (ठरवलेला टॉर्क झाला की आवाज करणारा पाना) ‘टक’ करतो पण जॉइंट ढिलाच, आणि तोच साफ करून तेल लावून तेवढ्याच टॉर्कने आवळला तर ताण तिसऱ्या हिश्श्याने वाढू शकतो, मग बोल्ट लांबतो नाहीतर तुटतोच. मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा कोरड्या बोल्टचा की तेलाच्या, कोण बघतंय? आमच्याकडे पान्याला पाईप लावून लोंबकळतात! निदान आयटीआयवाल्यांनी पोरांना हे शिकवा.

– एक फिटर, रत्नागिरी